जिन्यातला दोर

११ ऑक्टोबर

अखेर काम माझ्याकडे आलं. दीपगृह जतन करणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षबाई सकाळी दुकानात आल्या, काउंटरवरची उघडी घड्याळं न हलवता जेमतेम कोपर टेकायची जागा केली आणि म्हणाल्या की बेटावरच्या दीपगृहाची सगळी देखरेख आता तुम्हीच करा. आधी माझ्याकडे फक्त भिंग फिरवणारं यंत्र होतं. पण बांधकामाच्या ठेकेदाराने जुन्या दगडाला सिमेंट फासायला घेतलं, ते मी पकडलं. सिमेंटने दगडाचा श्वास कोंडतो, आतल्या आत तो भुसा होतो. हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे पदवी आहे.

माझ्याकडे नाही. घड्याळं मी उघडून शिकलो, आणि चुना कसा मुरवायचा ते पुस्तकं वाचून आणि आमच्याच परसातल्या भिंतींचा सत्यानाश करून. ही अजून त्या भिंतींवरून टोमणे मारते.

ठरवलंय ते इथे लिहून ठेवतो. दिवा पहिल्यांदा लागला त्या दिवशी मनोरा जसा होता, तसाच उभा करायचा. मूळ नकाशाची प्रत माझ्याकडे आहे. नकाशात जे नाही ते राहणार नाही.

आणि उद्घाटनाला बाबांना वर न्यायचं. ते तिथले शेवटचे दिवेवाले. शेजारी लोखंडी खांबावर आपोआप लागणारा दिवा आला आणि मनोरा बंद झाला, तोवर त्यांचं सगळं आयुष्य त्या बेटावर गेलं. मी लहान असताना खिडकीतून त्यांचा दिवा रोज दिसायचा, ते स्वतः रजेपुरते. ताईचं बालपण तरी बेटावर गेलं, मी मात्र इकडच्या गल्लीतल्या घरातला. मला त्यांनी कधी वर नेलं नाही. ताई जेवताना बेटाच्या गोष्टी काढायची तेव्हा मी पान सोडून उठायचो. असो. आता मी त्यांना नेईन. त्यांनी वर येऊन, हात फिरवून, 'बरोबर झालंय' म्हणावं. माझ्या कुठल्याही कामाला त्यांनी आजवर तसं म्हटलेलं नाही.

संध्याकाळी त्यांना बातमी सांगितली. डोळे आता गेल्यातच जमा आहेत, त्यामुळे ते आवाजाच्या दिशेने कान करून ऐकतात. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोर आहे ना अजून?"

मी समजावून सांगितलं की यंत्र फिरवणारं वजन दोराला टांगलेलं नसतं, पोलादी तारेला असतं, आणि तार मी बदलतोय. ते म्हणाले, "बरं."

२४ ऑक्टोबर

होडीवाल्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण त्याला बंद करायचं बटण नाही. जाताना त्याचं ऐकायचं, येताना गवंड्याचं. मधला वेळ तेवढा माझा.

आतल्या भिंतीचा तैलरंग खरवडून झाला. नंतरची भर बरीच निघाली. पत्र्याचं कपाट, विजेची जुनी वायर, पायऱ्यांच्या कडेला कुणीतरी ओतलेलं सिमेंट. आणि एक दोर. खालच्या दारापासून दिव्याच्या खोलीपर्यंत, भिंतीतल्या लोखंडी कड्यांतून ओवत नेलेला. गोल जिन्याला आतल्या बाजूने मूळचा कठडा आहे, तो नकाशातही आहे. मग हा दोर कशाला? बरं, लावला तर नीट उंचीवर तरी लावावा. हा माझ्या गुडघ्याच्या जरा वर येतो. धरायचा तर कमरेत वाकावं लागतं. गवंडी म्हणाला, बुटक्यांची बदली झाली असेल साहेब इथे. मीही हसलो.

संस्थेची आर्किटेक्ट मुलगी आज आली होती. हुशार आहे, पण घाई करू नका एवढंच तिला येतं. दोरापाशी उकिडवी बसली आणि बसूनच राहिली. मला म्हणाली की कड्यांची टोकं बघा, प्रत्येक टोक कानशीने गोल केलंय, कुणाच्या तरी हाताला लागू नये म्हणून. मी बघितलं. काम चांगलं होतं, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. कानस चालवणारा हात सरावलेला होता. पण चांगलं काम चुकीच्या जागी केलं की ते चूकच.

ती म्हणाली, मी मोजमाप घेईपर्यंत राहू दे. आणि वडिलांना विचारा ना.

बाबांना काय विचारायचं? संस्थेलाही त्यांची मुलाखत हवी होती, मी नको म्हटलं. सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही त्यांना. त्यांनी तिथे काम केलं हे खरं, पण मनोरा कुणी बांधला, कोणत्या दगडाचा, भिंग कसं उजेड गोळा करतं, यातलं त्यांना कधीच काही माहीत नव्हतं. ते सगळं मी शोधून काढलंय.

२ नोव्हेंबर

मोजमापाला आर्किटेक्ट मुलगी येणार येणार म्हणून थांबलो. समुद्र खवळलेला म्हणून ती आली नाही. परांची बांधलेली, चुना मुरून लोण्यासारखा झालेला, गवंडी रिकामा. चुना कुणासाठी थांबत नाही. दोर ओढून काढला, कडी उपटली, भोकं बुजवायला घेतली.

बुजवणं गवंड्याला दिलं नाही. तो भरतो आणि थापीने चोपडं करतो, मग भिंत देवीचे व्रण असल्यासारखी दिसते. मी चुन्यात त्याच दगडाची भुकटी मिसळली, कौलाच्या तुकड्यांवर नमुने करून वाळवले, वाळल्यावर जुळला तोच घेतला. भरून झाल्यावर गोणपाटाने टिपून भिंतीचा मूळ खरखरीतपणा आणला. खालपासून वरपर्यंत सगळी भोकं मी एकट्याने, गुडघ्यांवर बसून. गवंडी म्हणाला, आता भोक कुठे होतं ते तुम्हालाही सांगता यायचं नाही. ही दाद मला आवडली.

दोर काथ्याचा आहे, पण हाताळून हाताळून असा गुळगुळीत झालाय की रेशमाचा वाटावा. रेडिओला दिला. म्हणाला, अजून जोर आहे यात, होडीला होईल.

९ नोव्हेंबर

यंत्र चाललं. किल्ली भरली, अडसर काढला, आणि ते अवजड भिंग असं हललं की जणू कुणी फुंकर मारली. भिंतीवर उजेडाचे पट्टे फिरू लागले. रेडिओ जेवणाचा डबा हातात धरून तसाच उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याला बोलायला काही सुचलं नाही.

मला वाटलं होतं जास्त आनंद होईल. परतताना उगाच जुन्या गोष्टी मनात येत राहिल्या. हाच पट्टा लहानपणी माझ्या खोलीच्या भिंतीवरून जायचा. आईला विचारायचो, आपण इथे आहोत हे बाबांना दिसतं का. ती म्हणायची, दिसतं. मला तेव्हाही पटायचं नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. विचारलं की तुम्ही असताना यंत्र मध्येच अडखळायचं का. म्हणाले, "अडखळायचं. मग मी हाताने ढकलायचो." आता अडखळणार नाही, मी म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच, दोर आहे ना. मी तार म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती पटलेल्या माणसाची मान नव्हती.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, ते कुठला दोर म्हणतायत ते एकदा विचारा तरी."

मी म्हटलं, म्हातारपणात एकेक गोष्ट डोक्यात अडकते.

१४ नोव्हेंबर

आर्किटेक्ट मुलगी आली, जिना चढून गेली आणि तशीच खाली आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं की काढण्याआधी फोटो तरी घेतला होता ना. मी म्हटलं, दोराचा कसला फोटो घ्यायचा. तिने मनोऱ्याच्या दाराशी बसून बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या, ज्या सुटलेल्या नव्हत्या. म्हणाली, "काका, पहिल्या दिवसानंतरही इथे माणसं राहिली ना?"

उत्तर माझ्याकडे होतं. जतन म्हणजे काय, मूळ म्हणजे काय, यावर मी तिला पुस्तकातली पानं काढून दाखवू शकलो असतो. दाखवली नाहीत. फोटो घ्यायला हवा होता. कॅमेरा खिशातच होता. एवढं इथे लिहितो आणि हा विषय संपवतो.

२७ नोव्हेंबर

ताई आली. आल्या आल्या बाबांची नखं कापली, मला म्हणाली की दिव्याला पॉलिश करतोस आणि दिवेवाल्याकडे बघत नाहीस. तिची ही सवय जुनी आहे. ती हसत बोलते आणि आपण दिवसभर कुसळ काढत बसतो.

बाबा दाढी करून, ठेवणीतला कोट घालून आजच बसलेत. उद्घाटन परवा आहे हे सांगितलं तरी कोट काढू देत नाहीत. डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली होती. बाबा म्हणाले, मला कुणी धरायला नको, माझा मी जाईन. ताईला म्हणाले, दोर आहे. ताई म्हणाली, हो बाबा, आहे.

तिला काय माहीत. मी दुरुस्त करणार होतो, पण म्हटलं आता कशाला.

२९ नोव्हेंबर

जे झालं ते झालं तसं लिहितो.

समुद्र शांत होता. बाबांना खुर्चीसकट होडीत चढवलं. बेटाला लागलो तसा बाबांचा चेहरा बदलला, नाक वर करून वास घेत राहिले. धक्क्यावरून मनोऱ्यापर्यंत त्यांनी ताईचा हात धरला, पण वाट तेच दाखवत होते. इथे दगड आहे, इथून डावीकडे. पाहुणे माना वळवून बघत होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अध्यक्षबाईंनी दोन शब्द बोलायला सांगितले, मी बोललो. भिंगाबद्दल, चुन्याबद्दल. जरा लांबलं असेल. मग बाबांनी वर जाऊन अडसर काढायचा आणि भिंग सुरू करायचं, असं ठरलं होतं.

दारातून आत गेल्यावर बाबांनी ताईचा हात सोडला. पहिल्या पायरीपाशी थांबले आणि वाकले. मला वाटलं तोल गेला, मी धावलो. त्यांनी मला कोपराने बाजूला केलं. भिंतीवर, खाली, गुडघ्याजवळ ते हात फिरवत होते. पुढे, मागे, पुन्हा पुढे. जसं आपण अंधारात बटण शोधतो. मी म्हटलं, "बाबा, कठडा या बाजूला आहे." ते ऐकतच नव्हते. कोट वर सरकला होता, मागे पाहुणे उभे, कुणीतरी घसा खाकरला.

मग ते सावकाश उभे राहिले. तळहाताला चुन्याची पांढरी भुकटी लागली होती, ती कोटाला पुसली.

"चल, घरी जाऊ," म्हणाले. मला नाही, ताईला.

मी म्हटलं, एकदा वर तर चला, सगळं तुमच्यासाठी केलंय. सगळ्यांसमोर म्हटलं. आवाज चढला असेल. ते म्हणाले, "हे आपलं नाही. कुणाचं तरी दुसरंच आहे."

अडसर अध्यक्षबाईंनी काढला. टाळ्या झाल्या. भिंग अजिबात न अडखळता फिरलं. मी वर होतो, आणि खालून होडी सुटताना ऐकली.

एवढ्या कामाचं हे फळ. डोळे नाहीत, आठवण नाही, आणि सगळ्या लोकांसमोर. मी त्यांच्याशी बोललो नाही. उद्याही बोलणार नाही.

१ डिसेंबर

दोन दिवस घरात सगळे एकमेकांशी बोलतायत, फक्त माझ्याशी लागेल तेवढंच. सकाळी ताई भांडी पुसत होती. मी चहाचा कप ठेवायला गेलो तर पाठमोरीच म्हणाली, "दोर का काढलास?"

मी सांगू लागलो. नकाशात नव्हता, नंतरची भर होती, उंची चुकलेली होती.

"उंची चुकलेली नव्हती," ती म्हणाली. "तुझ्या उंचीची होती."

मला कळलं नाही. खरंच नाही कळलं. ती फडकं खांद्यावर टाकून वळली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा लहान झालो.

मग तिने सांगितलं ते असं. आपण सगळे बेटावरच राहायचो, माझ्या शाळेसाठी इकडे आलो तेव्हा तू चालायला लागून बराच काळ झाला होता. बाबा दिवा लावायला निघाले की तू रडून गोंधळ घालायचास. त्यांच्या दोन्ही हातांत तेलाचे डबे, तुला कडेवर घ्यायचं कसं? आणि कठडा तुझ्या डोक्याच्या वर. मग बाबांनी बसून बसून तो दोर बांधला. कडी घासली, तुला टोचू नयेत म्हणून. दोर धरून तू पुढे, बाबा मागे. "तुला कुणी वर नेलं नाही म्हणत असतोस जन्मभर," ताई म्हणाली. "रोज जायचास रे. रोज."

मी म्हटलं की मला कुणी सांगितलं नाही हे कधी.

"सांगायला घेतलं की तू पान सोडून उठायचास."

मी दुकानात आलो. एक घड्याळ उघडलं आणि तसंच बंद करून ठेवलं. मला काहीच आठवत नाही. दोर नाही, पायऱ्या नाहीत, मागून येणारी पावलं नाहीत. आठवायला गेलं की भिंतीवरून सरकणारा पट्टा तेवढा येतो, आणि मी खिडकीत.

एक गोष्ट मात्र ताईलाही सांगता आली नाही. आपण इकडे आल्यावर त्यांनी तो काढला का नाही, असं मी विचारलं तर ती म्हणाली, ते मला विचारू नकोस. पण दोर मी हातात घेतलेला आहे. एवढ्याशा पोराच्या वर्ष-दोन वर्षांच्या हाताळण्याने काथ्या तसा रेशमी होत नाही. त्याला फार वर्षं लागतात. आणि माणसाला कमरेत वाकावं लागतं.

४ डिसेंबर

रेडिओने दोर वापरायला काढलाच नव्हता. होडीच्या फळीखाली नीट गुंडाळून ठेवला होता. म्हणाला, न्या. कडीही गवंड्याच्या भंगारात सापडली, जवळजवळ सगळी. पिशवी खांद्याला लावून एकटाच मनोऱ्यात गेलो.

भोकं सापडत नाहीत.

टॉर्च आडवा धरून बघितलं, ओल्या फडक्याने पुसून बघितलं, बोटाच्या नखाने, मग डोळे मिटून तळहाताने. वाजवून बघितलं. सगळीकडून एकच आवाज येतो. पहिल्या पायरीपाशी गुडघ्यावर बसून भिंतीवर हात फिरवत असताना लक्षात आलं की त्या दिवशी बाबा असेच वाकले होते. तेव्हा मला लाज वाटली होती. त्यांची.

नवी भोकं कुठेही पाडता येतील. पण ती माझी होतील. दोन कड्यांमध्ये किती अंतर होतं, पायरीपासून किती वर, वळणावर कसा घेतला होता, काही लिहिलेलं नाही. नट-बोल्टची मापं लिहून ठेवणारा माणूस मी. आर्किटेक्ट मुलीला फोन केला की तुझ्याकडे काही टिपण आहे का. नाही म्हणाली. मला वाटलं, बोलेल काहीतरी. तिने फक्त विचारलं, "बरे आहात ना काका?"

५ डिसेंबर

बाबा उद्घाटनापासून खाटेवरच आहेत. ताप नाही, दुखत काही नाही, उठत नाहीत एवढंच. डॉक्टर म्हणाले वय. ताई आणि ही दोघी बाहेर गेल्या, मुद्दाम गेल्या असाव्यात.

मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो. म्हटलं, "बाबा, दोर मी काढला."

"कळलं," ते म्हणाले.

"भोकंही बुजवली."

मग म्हणाले, "तू बुजवलीस? गवंड्याने नाही?"

मी म्हटलं, मीच.

"मी हात फिरवला ना. काहीच लागलं नाही हाताला. वाटलं, मी चुकीच्या जागी आलोय." त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान केली. "चोख बुजवलीस. बरोबर झालंय."

हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकावेत म्हणून मी काय काय केलं, ते या वहीतच लिहिलेलं आहे. ऐकले, आणि कुठे बघावं कळेना.

मग मी विचारलं की दोर किती उंचीवर होता, मला परत लावायचाय. त्यांना आकडा माहीत असेल असं वाटलं नव्हतंच. त्यांनी आकडा सांगितलाही नाही. खाटेच्या कडेवरून हात बाहेर काढला, तळवा जमिनीकडे केला, आणि हवेत एका जागी धरला. बोटं जराशी वाकलेली, कुणाच्या तरी डोक्यावर ठेवल्यासारखी.

"एवढा होतास," म्हणाले. "दोर तुझ्या खांद्याला यायचा."

मी म्हटलं, हात हलवू नका, तसाच ठेवा. टेप शर्टाच्या खिशात असतो माझ्या, नेहमीच असतो. तो काढला, पट्टी ओढली, टोक जमिनीला लावायला वाकलो. वर बघितलं तोवर हात थकून खाली आला होता, खाटेच्या कडेवर पडला होता, आणि बाबांनी डोळे मिटले होते.

पुन्हा वर करा म्हणायचा धीर झाला नाही.